११,४०० किलोमीटर चाललेली जुनी डुकाटी घ्यावी का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही चुकीचं समजलं असेल तर लगेच सांगता येईल. तुम्ही कोल्हापूरचे, फाउंड्रीत नोकरी, आत्तापर्यंत बुलेट आणि ३९० ड्यूक चालवली आहे. मुंबईत वरळीला २०१२ ची डुकाटी ८४८ इव्हो विकायला आहे. एकच मालक, रनिंग ११,४००, साडेसहा लाख सांगतायत. मित्र म्हणतात इटालियन गाडी म्हणजे पांढरा हत्ती, चालते कमी आणि गॅरेजमध्ये जास्त असते. तुम्हाला विचारायचंय की हे खरं आहे का, वर्षाला किती खर्च धरायचा, आणि कोल्हापुरात राहून ही गाडी सांभाळता येईल का.

मी पुण्यात सतरा वर्षं मोठ्या गाड्यांचं काम करतोय, त्यातल्या निम्म्याहून जास्त डुकाटी. तुमच्या सगळ्या प्रश्नात माझी नजर एकाच गोष्टीवर अडकली, ती म्हणजे ११,४०० हा आकडा. तुम्ही तो जमेच्या बाजूला लिहिलाय. मी तो खर्चाच्या बाजूला लिहीन.

कारण असं. २०१२ पासून ११,४०० म्हणजे वर्षाला हजार किलोमीटरसुद्धा नाहीत. ही गाडी चाललेली नाही, उभी राहिलेली आहे. आणि दुसरं, या इंजिनाचं व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) तपासायचं मोठं काम १२,००० ला येतं. म्हणजे पुढचं मोठं बिल सहाशे किलोमीटरवर आहे आणि ते तुमच्या नावावर फाटणार आहे. विकणारा माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण दहा-अकरा हजारांवर विकायला निघालेल्या डुकाटी मी इतक्या पाहिल्यात की तो आकडा दिसला की पहिला प्रश्न हाच विचारतो: इंजिनाचे बेल्ट कधी बदलले, पावती दाखवा.

बेल्टचं महत्त्व कळण्यासाठी इंजिन आतून कसं आहे ते थोडं समजून घ्या. साध्या इंजिनात कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. डुकाटीच्या डेस्मो इंजिनात बंद करायलाही वेगळा कॅम आणि वेगळा रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा छोटा दांडा) असतो. १९५० च्या दशकात इंजिन फार जोरात फिरवलं की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत बंद करणं जमत नसे, स्प्रिंगा तुटतही. फाबिओ ताल्योनी या डुकाटीच्या इंजिनिअरने स्प्रिंगचं काम रॉकरवर सोपवलं आणि १९५६ मध्ये १२५ सीसीच्या रेसच्या गाडीवर ते चालवून दाखवलं. १९६८ पासून रस्त्यावरच्या गाड्यांतही ही पद्धत आली. पुढे कॅम फिरवायला शाफ्ट आणि गिअरऐवजी रबरी दातेरी बेल्ट आले. बेल्ट हलका, आवाज कमी, बनवायला स्वस्त. फक्त रबराला वय असतं.

तुमच्या ८४८ मध्ये दोन सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्हला उघडण्याची एक फट आणि बंद होण्याची एक फट, म्हणजे एकूण सोळा फटी फीलर गेजने मोजायच्या. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा मामला. जी बसत नसेल तिथली शिम, म्हणजे छोटी मोजीव चकती, काढून दुसऱ्या जाडीची घालायची, परत जोडायचं, परत मोजायचं. रेडिएटर, एअरबॉक्स, टाकी, बॅटरी सगळं बाजूला केल्याशिवाय कॅमचं झाकण दिसतही नाही. लोक म्हणतात डुकाटीवाले लुटतात. बिलाचा मोठा हिस्सा या तासांचा असतो. गाडी नीट उघडून सोळाही फटी मोजणाऱ्या माणसाचे दीड-दोन दिवस त्यात जातात. दिलासा एवढाच की या फटी पहिल्या एक-दोन सर्व्हिसला हलतात, मग बऱ्यापैकी बसून जातात. त्यामुळे पहिलं काम चांगल्या हाताकडून झालं असेल तर पुढची कामं हलकी जातात.

आता बेल्ट. जुन्या मॉडेल्सना कंपनी दोन वर्षांत बदला म्हणायची, नंतर ती मुदत पाच वर्षांवर नेली. मी आपल्याकडच्या उन्हाला धरून चार वर्षं सांगतो. किलोमीटर कितीही असोत.

हे इतक्या ठामपणे सांगण्यामागे एक प्रसंग आहे. २०१६ मध्ये माझ्याकडे साताऱ्याच्या एका गृहस्थांची ८४८ आली होती. गाडी २०१० ची, रनिंग आठ हजारांच्या आत, अंगावर एक ओरखडा नाही. ते म्हणाले, फक्त ऑईल बदला, एवढ्या कमी रनिंगला बेल्ट कशाला. मी एकदा सांगितलं की सहा वर्षं झालीत, पण रेटून धरलं नाही. महिन्याभराने त्यांचा फोन आला. खंबाटकी चढताना खट्ट आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं, मागचं चाक क्षणभर लॉक झालं. नशिबाने मागे ट्रक नव्हता. गाडी टेम्पोत घालून आणली. पुढच्या, म्हणजे आडव्या सिलिंडरच्या बेल्टचे दात उडाले होते. कॅम थांबला, पिस्टन चालत राहिला, आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. पिस्टनच्या माथ्यावर नखाने दाबल्यासारख्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. बेल्ट बदलायला जो खर्च आला असता त्याच्या दसपट बिल झालं. पण पैशांपेक्षा ते लॉक झालेलं चाक माझ्या डोक्यातून जात नाही.

तो बेल्ट अजून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. सरळ धरला तर नवा वाटतो, त्यावरची छापील अक्षरंसुद्धा पुसलेली नाहीत. उलटा वाकवला की उरलेल्या दातांच्या मुळाशी केसाएवढ्या भेगा उघडतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते तेव्हा बेल्ट पुल्लीभोवती त्याच जागी, त्याच आकारात दुमडलेला राहतो आणि त्याच जागी कडक होतो. आता कुणी ‘रनिंग कमी आहे’ म्हणालं की मी आधी तो बेल्ट त्याच्या हातात देतो.

उभ्या राहिलेल्या गाडीचं दुखणं बेल्टपुरतं नसतं. ८४८ ची पेट्रोलची टाकी प्लॅस्टिकची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते शोषून या जातीच्या टाक्या फुगतात. टाकी उचलून परत बसवताना बोल्टची भोकं जुळत नाहीत, तेव्हा ते कळतं. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा टाकी आणि फ्रेममधली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का बघा. ब्रेक आणि क्लचचं फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. वरळीच्या समुद्रालगत उभ्या गाडीत ते चहासारखं तपकिरी झालेलं असेल, तर बाकीच्या देखभालीचाही अंदाज येतो. क्लचचा खालचा स्लेव्ह सिलिंडर या गाड्यांत हमखास गळतो. पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणाजवळ बोट फिरवा. ओलं लागलं तर सील गेलेलं आहे. काम मोठं नाही, पण किंमत कमी करायला कारण चांगलं आहे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण शाबूत असलेले पण असे जुने टायर मी गिऱ्हाइकाला चालवू देत नाही. रबर लाकडासारखं झालेलं असतं आणि पहिल्या ओल्या वळणावर ते कळतं.

बॅटरीवर थोडं जास्त बोलायला हवं. मोठ्या पिस्टनचं, १३.२ ला १ कॉम्प्रेशनचं इंजिन फिरवायला स्टार्टरला भरपूर करंट लागतो. बॅटरी थोडी जरी उतरली की डॅशबोर्डवर नाही नाही ते एरर येतात, आणि मालक सेन्सर बदलत बसतो. अर्धवट फिरून मागे झटका बसला की स्टार्टरचा क्लच खराब होतो, आणि मग इंजिनाचं डावं झाकण उघडावं लागतं. इटालियन गाडीची इलेक्ट्रिकल बाजू बेभरवशाची, ही जी बदनामी आहे, तिच्यातला अर्धा भाग माझ्या अनुभवात उतरलेल्या बॅटरीचा आणि गंजलेल्या कनेक्टरचा असतो. उरलेल्या अर्ध्यात बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर येतो. तो गरम होऊन जातो, त्यामुळे गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून बघा. चार हजार आरपीएमला साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. तेरा दिसले तर चार्जिंग नीट होत नाही, पंधरा दिसले तर बॅटरी उकळतेय.

आणि एक सवय असेल तर आजच सोडा. बरेच मालक अभिमानाने सांगतात, ‘मी दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो.’ त्या पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी ऑईलमध्ये मिसळतं, सायलेन्सरमध्ये साचतं, आणि स्टार्टरने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढी भरूनही निघत नाही. चालवायचीच असेल तर तीस-चाळीस किलोमीटर नीट चालवा. नाहीतर मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा आणि इंजिनाला हात लावू नका.

माझ्याकडच्या गाड्यांत सगळ्यात कमी त्रास देणारी ८४८ ही सगळ्यात जास्त चाललेली आहे. रत्नागिरीचे एक डॉक्टर आहेत, त्यांची गाडी अडतीस हजारांच्या पुढे गेली आहे. पावसाळा सोडला तर दर पंधरा दिवसांनी आंबा घाट चढतात. बेल्ट चार वर्षांनी, ऑईल वर्षाला, फ्लुइड दोन वर्षांनी, आणि प्रत्येक कामाची तारीख हँडबुकच्या मागच्या पानावर पेनाने लिहिलेली. त्यांच्या गाडीचं अचानक काही बिघडलंय असं माझ्या आठवणीत फक्त दोनदा झालं, दोन्ही वेळा बॅटरी.

आता तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. मी इथे बसून त्यांचं उत्तर देऊ शकत नाही. गाडी कुठे आणि कधी चालवणार? गगनबावडा, राधानगरी, आंबोली, सकाळी सहाला निघून दहाला घरी, असं असेल तर ८४८ साठी कोल्हापूरसारखी जागा नाही. पण रोज ताराराणी चौकातून ऑफिसला जायचं मनात असेल तर नका घेऊ. या मॉडेलचे सायलेन्सर सीटखाली आहेत आणि मागचा सिलिंडर मांड्यांच्या मध्ये. एप्रिलमध्ये सिग्नलला तापमान शंभरच्या वर जातं, पंखे सुरू होतात आणि ती सगळी हवा तुमच्या पायांवर येते. हँडल खाली, मनगटावर भार. तुम्ही ड्यूकवर सरळ बसायला सरावलात, हा फरक आधी एकदा बसून बघा. पार्किंग बंद आणि कोरडं आहे का, घरात प्लग पॉइंट जवळ आहे का, हेही तितकंच महत्त्वाचं.

अंतराचा प्रश्न तुम्ही नेमका विचारलाय. डुकाटीचं काम माहीत असलेला माणूस तुमच्यासाठी पुण्यात, म्हणजे साधारण २३० किलोमीटरवर. हे जमतं, पण कामाची पद्धत बदलावी लागते. ऑईल, फिल्टर, चेन, ब्रेक पॅड, बॅटरी ही कामं तुमच्या गावातला कुठलाही नीटनेटका मेकॅनिक टॉर्क रेंच वापरत असेल तर करू शकतो. बेल्ट आणि व्हॉल्व्ह मात्र पुण्यात किंवा मुंबईतच. बेल्टचा ताण अंगठ्याने दाबून ठरवायचा नसतो. तार छेडल्यासारखा बेल्ट छेडून त्याची कंपनं हर्ट्झमध्ये मोजतात आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवतात. सैल राहिला तर दात उडी मारतो, घट्ट झाला तर बेअरिंग खातं. आणि पार्ट हातात आल्याशिवाय गाडी उघडू देऊ नका. जुन्या मॉडेलचे पार्ट यायला कधी आठवडा, कधी दोन महिने लागतात. तेवढे दिवस गाडी लिफ्टवर उघडी पडून राहते आणि मग ‘गॅरेजमध्येच असते’ ही ख्याती तयार होते. माझा नियम आहे: पार्ट टेबलावर आले की मगच गाडी लिफ्टवर.

कोल्हापूरकर म्हणून एक जमेची बाजू तुमच्याकडे आहे जी पुण्या-मुंबईच्या मालकांकडे नाही. शिरोलीच्या पट्ट्यात लेथवर बसणारे जे हात आहेत, त्यांच्याकडून पुल्ली लॉक करायचं टूल, मागच्या चाकाच्या मोठ्या नटचा सॉकेट, पॅडॉक स्टँडची पिन अशा गोष्टी बाहेरच्यापेक्षा चांगल्या आणि स्वस्तात बनवून मिळतील. मी स्वतः माझी दोन टूल तिथून करून आणलीत. फक्त शिम तिथे घासून घेऊ नका. तिच्यावरचा कडक थर गेला की काही हजार किलोमीटरमध्ये फट बदलते. मागच्या चाकाची चेन सैल-घट्ट करण्याचा गोल हब दर वर्षी काढून ग्रीस लावून घ्या. एका बाजूच्या स्विंगआर्मच्या गाडीत तो गंजून जाम झाला की सोडवताना महागडा भाग तुटतो.

खर्च किती, हा तुमचा दुसरा प्रश्न. दर महिन्याचा आकडा मी देत नाही, कारण या गाडीचा खर्च महिन्याला येत नाही, मोठ्या मोठ्या टप्प्यांनी येतो. तुमच्यासाठी हिशोब असा करतो: गाडीच्या किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा आणि ती किंमत ठरवण्याआधीच वजा करा. साडेसहा लाखांची गाडी म्हणजे साधारण लाख ते एक लाख तीस हजार हाताशी. त्यातून बेल्ट, व्हॉल्व्ह, सगळी फ्लुइड, टायर, बॅटरी, आणि जे निघेल ते. हे एकदा नीट झालं की पुढची दोन-तीन वर्षं टायर, ऑईल आणि इन्शुरन्स एवढंच राहतं. ही रक्कम सुटी नसेल आणि गाडीसाठीच कर्ज काढावं लागत असेल, तर मी तुम्हाला अजून एक वर्ष थांबायला सांगेन. अशी माणसं बेल्ट पुढे ढकलतात. मी त्यांना दोष देत नाही, पण त्याचा शेवट मी खंबाटकीत पाहिलाय.

कागद तपासताना एक गोष्ट विसरू नका. २०१२ च्या नोंदणीची पंधरा वर्षं २०२७ मध्ये संपतात, मग आरसीचं नूतनीकरण करावं लागेल. तोही मुद्दा किमतीत धरा. दोन्ही किल्ल्या आणि इमोबिलायझरचं कोड कार्ड मागून घ्या, नंतर मिळवताना फार त्रास होतो.

आणि तुम्हाला इटालियन गाडीच हवी आहे पण ही सगळी उठाठेव नको असेल, तर तेही प्रामाणिकपणे सांगतो. डुकाटीने स्वतः २०११-१२ च्या पानिगाले ११९९ पासून सुपरबाईकमधले बेल्ट काढून चेन घातली, आणि २०२० मध्ये आलेल्या मल्टिस्ट्राडाच्या व्ही ४ इंजिनात तर डेस्मो सोडून स्प्रिंगा घेतल्या. त्याचे व्हॉल्व्ह तपासणं ६०,००० किलोमीटरवर गेलं. तुमच्या बजेटमध्ये त्या बसणार नाहीत. पण एप्रिलियाची आरएस ४५७ बसते, आणि ती तर तुमच्यापासून काही तासांवर बारामतीला तयार होते. ४५७ सीसी, दोन सिलिंडर, साधारण ४७ हॉर्सपॉवर, नवी आणि वॉरंटीसह. ८४८ इव्होच्या १४० हॉर्सपॉवरसमोर तिचा जोर कमी, आवाज वेगळा. घाटात मात्र ती तुम्हाला गाडी चालवायला शिकवेल. ८४८ चुका फार महाग करून सांगते. तुमचा अनुभव पाहता मी आधी बारामतीची गाडी दोन वर्षं चालवायला सांगितली असती, पण तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय की मन वरळीतल्या लाल गाडीवर बसलंय, आणि ते मला पूर्ण समजतं. त्या इंजिनाचा सहा हजारांच्या पुढचा आवाज सतरा वर्षांनंतरही काम थांबवून ऐकावासा वाटतो.

तेव्हा जायचं असेल तर असं जा. आदल्या रात्री विकणाऱ्याला फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलात की आधी इंजिनावर हात ठेवा. गार असेल तर पुढे बोला. पहिल्या स्टार्टला किती वेळ घेते, डॅशबोर्डवर काय दिसतं, बॅटरीचा व्होल्टेज किती, हे बघा. इंजिन पूर्ण तापेपर्यंत, पंखे सुरू होईपर्यंत चालू ठेवा आणि खाली पांढरा कागद पसरून ठेवा. तेलाचा थेंब कुठून पडतो ते त्यावर कळतं. मग गाडी बंद करून शेवटच्या बेल्टची पावती मागा. पावती असेल आणि तारीख चार वर्षांच्या आत असेल तर सहा लाखांच्या आसपास ही गाडी वाईट नाही. पावती नसेल तर बेल्ट जुनेच आहेत असं धरून मोठ्या सर्व्हिसची पूर्ण रक्कम किमतीतून कमी करायला लावा, आणि सौदा झाला तर ती चालवत कोल्हापूरला नेऊ नका. टेम्पोत घालून थेट पुण्याला आणा, कुणाकडेही, पण बेल्ट बदलल्याशिवाय तिला खंबाटकी चढायला लावू नका.